कार्डाचं बिल थकलेले सगळेच चैनी नसतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्याकडे एका काकांचं पत्र छापून आलं, की हल्लीची मंडळी क्रेडिट कार्डावर मजा मारतात आणि बिल भरायची वेळ आली की हात वर करतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत हे यांना कोणी शिकवलंच नाही. वाचलं, पेपर घडी करून ठेवला, ओटा आवरला, परत उघडून वाचला, आणि मग म्हटलं नाही, यावर लिहायलाच हवं. कारण गेल्या डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीत आमच्या घरचं कार्डाचं बिल भरलं गेलं नाही, आणि त्या बिलात दुर्बीण लावून शोधली तरी मजा सापडणार नाही.

काय होतं त्या बिलात ते सांगते. सासूबाई बाथरूममधे पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मेडिक्लेममधे त्यांचं नाव नाही, वय झालं म्हणून कोणी घेतलंच नव्हतं. रात्रीचे साडेदहा वाजलेले, दवाखान्याच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला आधी डिपॉझिट. यांनी कार्ड काढलं, 70,000 स्वाइप केले. बाकीचे 16,400 म्हणजे औषधं, वॉकर आणि पोरीच्या बारावीच्या क्लासच्या फीचा एक हप्ता. झाले 86,400. पुढच्या दोन-तीन पगारांत मिटवू असं ठरलं होतं, आणि मिटलंही असतं, पण हे पीथमपूरला ज्या छोट्या कारखान्यात सुपरवायझर होते तिथे अनंत चतुर्दशीच्या आठवड्यात, इकडे इंदुरात झांक्यांची, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीची, धामधूम चालू असताना, एक शिफ्ट बंद झाली आणि हे घरी आले. डबा भरलेलाच परत आला त्या दिवशी. त्यात भेंडीची भाजी होती, ती आम्ही रात्री गरम करून खाल्ली आणि त्या विषयावर कोणी काही बोललं नाही.

आता मुद्द्याचं. घरचा हिशोब मी लिहिते, लग्नाला बावीस वर्षं झाली, वही माझ्याकडे असते. म्हणून बिल आलं तेव्हा त्यावरची "मिनिमम अमाउंट ड्यू" मी पाहिली, 4,320 रुपये, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. वाटलं की वा, बँकेने सोय करून दिलीये, एवढे तर कुठूनही आणू. दोन महिने आणले पण, शिवणाच्या पैशातून, मी ब्लाउज शिवते घरी. दुसऱ्या महिन्यात बघते तर रक्कम जवळपास तिथल्या तिथेच! तेव्हा मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. आमच्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के. 86,400 वर झाले 3,024. त्या व्याजावर परत 18 टक्के जीएसटी, म्हणजे 544. दोन्ही मिळून 3,568. म्हणजे मी 4,320 भरले त्यातले मुद्दलात गेले फक्त 752 रुपये. दोन ब्लाउजची शिलाई पण नाही. 752 रुपयांनी 86,000 फेडायला किती जन्म लागतील ते काकांनीच सांगावं.

मिनिमम भरल्याने एवढंच होतं की लेट फी लागत नाही आणि खातं थकीत दिसत नाही, कर्ज काही हलत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की फक्त मिनिमम भरत राहिलात तर फेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि व्याजावर व्याज चढेल, असा इशारा बिलावर छापायचा. छापलेला असतोही. तिसऱ्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, इंग्रजीत. मी एमए मराठी आहे आणि मला चष्मा लागलाय, मी तिथपर्यंत पोचलेच नाही.

आणखी एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. कार्डावर 45-50 दिवस बिनव्याजी असतात ना, ते मागचं बिल पूर्ण भरलं असेल तरच. थोडी जरी बाकी राहिली की ती सवलत गेली, नव्या खरेदीवर घेतल्या दिवसापासून मीटर चालू. मी मात्र सियागंजमधून महिन्याचं वाणसामान कार्डावर आणलं, म्हटलं किराणा तरी पुढच्या महिन्यावर ढकलू. म्हणजे तूरडाळ आणि तेलावर आम्ही वर्षाला 42 टक्क्यांनी व्याज भरत होतो. सराफ्यातला सावकार एवढं मागेल तर गल्लीत बोभाटा होईल. कोणी म्हणेल याला काही मर्यादा नाही का, तर होती, ग्राहक आयोगाने 2008 मधे म्हटलं होतं की कार्डावर वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे, पण सुप्रीम कोर्टाने 20 डिसेंबर 2024 ला तो निकाल रद्द केला. व्याज ठरवणं हा बँकांचा आणि रिझर्व्ह बँकेचा विषय. तेव्हा मर्यादेची वाट बघण्यात अर्थ नाही.

मधल्या काळात यांनी एक उद्योग केला तो पण लिहून टाकते, लपवण्यात काय आहे. यांच्याकडे दुसरं एक कार्ड होतं, कमी लिमिटचं, त्यातून एटीएममधून रोख काढून पहिल्याचं भरावं असा विचार. याची टोपी त्याला. नशीब की मी आधी विचारलं. कार्डावर रोख काढली की त्याला एक दिवसही बिनव्याजी मिळत नाही, वर काढण्याचा चार्ज वेगळा. आपल्याकडे बाजारात काही दुकानदार कार्ड स्वाइप करून टक्का-दोन टक्के कापून रोख देतात, ओळखीत दोघातिघांनी ते केलं, आणि आज त्यांच्या डोक्यावर एकाच्या जागी तीन कार्डं आहेत. ते दुसरं कार्ड मी कात्रीने कापलं आणि कस्टमर केअरला बंद करायची रिक्वेस्ट टाकली. त्यावर काही बाकी नव्हतं, आणि अशा वेळी बँकेने कामाचे सात दिवस संपायच्या आत कार्ड बंद केलं नाही तर पुढच्या दर दिवसाचे 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, असा नियम आहे. पाचव्या दिवशी बंद झालं.

मग आला डिसेंबर. शिवणाचे पैसे पोरीच्या फॉर्मला गेले आणि 18 तारीख आली तशी गेली. त्या दिवसापासून आमच्या घरात जे झालं ते बऱ्याच घरात होत असणार म्हणून लिहिते. यांनी फोन सायलेंटवर टाकला. मग पालथा ठेवायला लागले. मग स्कूटरच्या डिक्कीत. अनोळखी नंबर आला की मी पण श्वास रोखून बघत बसायची, जसं काही उचलला नाही तर पलीकडच्याला कळणारच नाही की आम्ही आहोत. बँकेचे मेसेज यायचे, एका दिवसात आठ-आठ, ते न वाचता डिलीट. त्या डिलीट केलेल्यात एक मेसेज हा होता की तुमची थकबाकी सिबिलला, म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला, कळवण्यात येईल. नियमाने बँकेला डिफॉल्टची नोंद पाठवायच्या आधी कळवावं लागतं, त्यांनी कळवलं, आम्ही वाचलं नाही.

आणि यात सगळ्यात वाईट वाटतं ते हे, की पहिल्यांदा तारीख हुकली त्या संध्याकाळी काही बिघडलं नव्हतं. ड्यू डेटनंतर तीन दिवसांपर्यंत बँक लेट फी लावू शकत नाही आणि सिबिलकडे थकीत म्हणून कळवूही शकत नाही, व्याजाची गोष्ट वेगळी. तीन दिवसांच्या वर गेलं तरच, आणि लेट फीसुद्धा जेवढी रक्कम भरायची राहिली तेवढ्यावरच. आणि मिनिमम रक्कम ड्यू डेटपासून 90 दिवसांत पूर्ण भरली गेली नाही तर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत, होतं. म्हणजे आमच्याकडे 18 डिसेंबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत वेळ होता. त्यातले पहिले पन्नास दिवस आम्ही फोन लपवण्यात घालवले. त्या काळात दर महिन्याला 1,200 लेट फी आणि तिच्यावर 216 जीएसटी, शिवाय व्याज चालूच. किराणा धरून डिसेंबरात 91,000 होते, त्याचे फेब्रुवारीपर्यंत 1,07,000 झाले. एक रुपयाची वस्तू घेतली नव्हती.

फोन उचलला नाही तेव्हा रिकव्हरीवाल्याने देवासला माझ्या नणंदेला फोन लावला. कार्ड घेताना यांनी रेफरन्स म्हणून तिचा नंबर दिला होता कधीतरी, हे सुद्धा विसरले होते. तिला सांगितलं की तुमच्या भावाने बँकेचे पैसे बुडवलेत. नणंद घाबरली, तिने सासूबाईंना फोन करायच्या आधी मला केला हे तिचे उपकार. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मधे स्पष्ट सांगितलंय की वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 च्या नंतर फोन करायचा नाही, धमकावायचं नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, घरच्यांच्या, मित्रांच्या, रेफरन्सवाल्यांच्या खाजगीपणात घुसायचं नाही, आणि एजंट काय करतो त्याची जबाबदारी बँकेचीच. आम्हाला फोन यायचे सकाळी पावणेआठला आणि रात्री नऊला. मला नियम तेव्हा माहीत नव्हता. माहीत असता तरी बोलले असते की नाही देव जाणे, कारण पैसे देणं आपल्यावर आहे म्हटलं की आवाज आपोआप खाली जातो.

रथसप्तमीला माझं हळदीकुंकू होतं. तुम्ही म्हणाल अशा दिवसांत कशाला, तर नाही केलं असतं तर जास्त प्रश्न आले असते. वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या होत्या, बावीस रुपयांची एक. पाच-सहा बायका आत बसलेल्या, आणि दारात एक मुलगा, पंचविशीचा, पाठीला बॅग, हातात कागद. सासूबाई वॉकर घेऊन पुढच्या खोलीतच होत्या, त्यांना वाटलं पोरीच्या क्लासचा कोणी सर आहे, त्यांनी त्याला बसवलं, कुठले आपण विचारलं, तिळगूळ दिला. त्याने खाल्ला. पाणी प्यायला. आणि मग मोठ्या आवाजात, हिंदीत, आतपर्यंत जाईल असं, रक्कम सांगितली. आतल्या गप्पा थांबल्या. मी हातात कुंकवाची वाटी घेऊन मधल्या दारात उभी होते. मला अजूनही कधी कधी झोपेत ती वाटी दिसते. मुलगा वाईट नव्हता बहुतेक, त्याला पण रोजचा आकडा पूर्ण करायचा असेल, पण बायका गेल्यावर पाचही गाळण्या पिशवीतच राहिल्या होत्या, कोणालाच वाण द्यायचं भान मला राहिलं नव्हतं.

त्या रात्री सासूबाईंना सगळं सांगावं लागलं. आणि इथे मला थोडं मागे जावं लागेल. माझे सासरे हुकुमचंद मिलमधे होते. मिल बंद पडली ती 1992 ला, आणि कामगारांचे अडकलेले पैसे मिळायला डिसेंबर 2023 उजाडावं लागलं, जवळपास 224 कोटी, सुमारे 4,800 कामगारांचे. सासरे तोवर राहिले नव्हते. सासूबाईंच्या वाट्याचं जे आलं त्यातून दीरांना, नणंदेला दिलं, छत दुरुस्त झालं आणि 50,000 ची एक एफडी त्यांच्या नावावर उरली. त्या पावतीला आम्ही कोणी हात लावायचा नाही असं न बोलताच ठरलेलं. ती माणसं जिल्हा कोर्ट, हायकोर्ट करत तीन दशकं रांगेत उभी राहिली, त्यातल्या कोणाला आपण बुडवे म्हटलं का? मिलचे पगार थांबले तेव्हा त्यांचीही किराण्याची उधारी थकलीच होती की. तेव्हा दुकानदार वहीत लिहून ठेवायचा आणि थांबायचा, एवढाच फरक.

सासूबाई म्हणाल्या, "एफडीवर किती मिळतात?" मी म्हटलं सात टक्के. "आणि त्यांना किती देताय?" मी सांगितलं 42. त्या चौथी शिकलेल्या आहेत. म्हणाल्या, "मग ती ठेवून काय तिची पूजा करायची?" एमए मराठीला हे पाच महिन्यांत सुचलं नव्हतं. सात टक्क्यांची ठेव छातीशी धरून 42 टक्क्यांचं व्याज भरत बसले होते, कारण ठेव मोडणं म्हणजे घरावर आपत्ती आली हे कबूल करणं, आणि तेच करायचं नव्हतं. मुदतीआधी मोडली तर व्याज थोडं कमी मिळतं, तेवढंच नुकसान.

दुसऱ्या दिवशी बहिणीच्या मुलाला बोलावलं, तो बँकेत कर्ज विभागात आहे, आमच्या कार्डाच्या बँकेत नाही. त्याने दोन कामं सांगितली. एक, आजपासून जो फोन येईल तो उचलायचा आणि वहीत लिहायचा, तारीख, वेळ, नंबर, नाव, काय बोलला. दोन, फोनवर काहीच कबूल करायचं नाही, जे काय ते ईमेलवर. मी शिवणाच्या वहीत मागच्या बाजूने पानं आखली. नऊ दिवसांत अकरा फोन, त्यातले चार सात वाजून गेल्यावरचे. गंमत अशी की "भाऊ एक मिनिट थांबा, लिहून घेते, नाव काय म्हणालात" असं म्हटलं की अर्धे लोक तिथेच नरम व्हायचे.

मेल आम्ही चौघांनी बसून लिहिला, पोरीने टाइप केला. त्यात रडगाणं नव्हतं. नोकरी कधी गेली त्याची तारीख आणि कारखान्याचं पत्र, दवाखान्याचं बिल, आजवर काय भरलं, आता एकरकमी 50,000 भरू शकतो, उरलेल्याचे कमी व्याजाने बारा हप्ते करून द्या, लेट फी माफ करा, तोवर कार्ड ब्लॉक ठेवा, आणि वसुलीचे फोन नियमाच्या वेळेत आणि फक्त कार्डधारकालाच करा, सोबत फोनांची यादी. कस्टमर केअर आणि तक्रार अधिकारी दोघांना. हे बँकेच्या साइटवर असतं, पण शोधावं लागतं, गूगलवर पहिलाच जो नंबर येतो तो बऱ्याचदा भामट्यांचा असतो, तिथे चुकूनही जाऊ नका. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, 2021 पासून सगळ्या बँकांसाठी एकच योजना आहे, तक्रार ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत, आणि 14448 वर फोन करून विचारताही येतं. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही, पण मेलमधे तो उल्लेख केल्यावर उत्तर तिसऱ्या दिवशी आलं.

उत्तर मात्र वेगळंच आलं. सेटलमेंट! महिनाअखेर 55,000 भरा, बाकी सोडून देऊ. हे खुश. 50,000 एफडीचे, 5,000 कुठूनही, विषय संपला, बावन्न हजार वाचले. मी पण एक रात्र तेच म्हणत होते. भाच्याने सांगितलं मावशी, पूर्ण फेड झाली की रिपोर्टवर खातं बंद असं येतं, सेटलमेंट केलं की सेटल्ड असं येतं, आणि पुढे कोणीही कर्ज देणारा ते वाचतो की या माणसाने पूर्ण दिले नव्हते. पोरगी बारावीला आहे. पुढच्या वर्षी एज्युकेशन लोन लागणार, त्यावर सही यांचीच. म्हणून आम्ही नाही म्हटलं. ज्याच्याकडे खरंच मार्ग नाही, घरात आजारपण चालूच आहे, नोकरीची आशा नाही, त्याने सेटलमेंट केली तर मी त्याला नावं ठेवणार नाही, पण आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्यावं, रक्कम, तारीख, खातं नंबर लिहिलेलं, आणि पैसे बँकेच्याच खात्यात भरावेत. यांच्याच कारखान्यातल्या एकाने एजंटच्या यूपीआयवर 20,000 टाकले, ते आजपर्यंत कार्डात आलेले नाहीत.

त्याच माणसाची दुसरी गोष्ट म्हणजे कार्ड आणि पगाराचं खातं एकाच बँकेत. कारखान्याकडून हिशोबाचे पैसे खात्यात आले आणि बँकेने कार्डाच्या थकबाकीसाठी त्यावर होल्ड लावला. हे कार्ड घेताना सही केलेल्या अटींत असतं. त्याच्या घरी त्या महिन्यात रेशन नव्हतं.

आमचं शेवटी असं झालं, की दोन महिन्यांची लेट फी सोडली, बाकी 1,04,000 धरली, 50,000 आम्ही भरले आणि 54,000 चे वर्षाला 18 टक्क्यांनी बारा हप्ते. हप्ता 4,951, वर व्याजावरचा जीएसटी, म्हणजे पहिल्या महिन्यात 5,097. एनपीए व्हायला आठवडा बाकी होता. 18 टक्के सुद्धा कमी नाही, पण 42 च्या पुढे ते गंगेत न्हाल्यासारखं वाटतं. यांना मार्चपासून देवास नाक्यावर एका गोडाउनला काम मिळालंय, पगार आधीपेक्षा कमी आहे. सिबिल 771 होता तो 640 च्या घरात आला, 300 ते 900 मधे मोजतात, तेव्हा समजून घ्या. रिपोर्ट बघायला पैसे लागतील या समजात मी होते, पण सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो. त्यात चूक असेल तर तक्रार टाकावी, 30 दिवसांत सुटली नाही तर पुढच्या दर दिवसाचे 100 रुपये भरपाई आहे.

एका गोष्टीची भीती मात्र मी अनेकांच्या तोंडी ऐकली, जेलची. फोनवरचे लोक सांगतात पोलीस येतील. कार्डाचं बिल थकणं हे दिवाणी प्रकरण आहे, नुसतं थकलं म्हणून कोणी बेड्या घालत नाही. बँकेला दिलेला चेक परत गेला किंवा खात्यातून आपोआप कापायची मंजुरी देऊन शिल्लक ठेवली नाही तर मात्र कायदा वेगळा आहे, त्यात शिक्षा आहे, म्हणून भरता येणार नसेल तर असे चेक घाबरून देऊ नयेत. लोक अदालतीची नोटीस आली की पण लोक हादरतात, आमच्या ओळखीतल्या एक बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. अहो तिथे तडजोडच होते, दोघांची संमती असेल तरच, कोर्ट फी नाही, उलट तिथे बँकेचा माणूस समोर बसतो ही सोय आहे. फक्त तिथे जे ठरतं ते शेवटचं, त्यावर अपील नाही, तेव्हा झेपेल तेवढंच बोलावं.

2020 मधे लॉकडाउन लागलं तेव्हा मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सूट होती, त्यात कार्डाची बिलं पण होती, व्याज चालू राहिलं ते सोडा. तेव्हा काका, कोणी कोणाला अंथरुणाची म्हण ऐकवली नव्हती, कारण सगळ्यांचंच अंथरूण आखूड झालं होतं. एकट्या माणसाची नोकरी जाते तेव्हा ती सूट जाहीर होत नाही, मागावी लागते, आणि मागायला तोंड उघडावं लागतं.

संपादक साहेब, तुमच्याकडे दर आठवड्याला भविष्य येतं, रेसिपी येते. एक छोटा चौकोन बँकेचं बिल कसं वाचायचं यावर द्या ना, मराठीत, मोठ्या अक्षरात. आपल्या इंदुरात मराठी मंडळं कमी नाहीत, गणपतीत, कोजागिरीला एवढे कार्यक्रम होतात, त्यात एक संध्याकाळ एखाद्या निवृत्त बँकवाल्याला बोलवून लोकांची बिलं उघडून वाचली तर मी पहिल्या रांगेत येऊन बसेन, वहीसकट.

पत्र छापावं, पण नाव छापू नये ही विनंती. सगळं वर लिहून झाल्यावर हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय, पण त्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका तुमचाच पेपर घेतात, आणि त्यातल्या दोघींच्या गाळण्या अजून माझ्याकडेच आहेत.

एक वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर